रिसेप्टर शिकून मुलगी पुढं करणार काय?

प्रश्न : मुलगी कोल्हापुरातच बायोकेमिस्ट्री घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पेशींच्या रिसेप्टरवर काम करायचं म्हणते. यात पोट भरतं का? आमचं मत बी.एड. करावं असं. – एक पालक, राजारामपुरी

उत्तर : नमस्कार. बी.एड. वर्षभरानं केलं तरी चालेल. जॅम या एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेच्या अर्जाची तारीख मात्र थांबत नाही, म्हणून आधी ती बघा.

रिसेप्टर म्हणजे पेशीचं निरोप घेणारं प्रथिन. 'रिसेप्टर' नावाची नोकरी नसते, पण त्यावर चालणारी कामं असतात. हर-टू (HER2) हा वाढीचा निरोप देणारा रिसेप्टर घ्या. स्तनाच्या कर्करोगाच्या साधारण 15 ते 20 टक्के रुग्णांत या रिसेप्टरच्या जनुकाच्या जादा प्रती होतात. पेशीवर त्याची दाटी होते, रिसेप्टर आपसात जोड्या जमवतात आणि 'वाढ, वाढ' हा निरोप बंदच होत नाही. त्यावरचं ट्रास्टुझुमॅब हे औषध 1998 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते कुणाला द्यायचं, हे लॅबच्या रिपोर्टवर ठरतं. गाठीचा तुकडा तासाभरात 10 टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या द्रावणात) पडायला हवा आणि 6 ते 72 तास त्यात राहायला हवा. उशीर झाला की प्रथिन खराब होतं, रंग फिका चढतो आणि पॉझिटिव्ह रुग्ण निगेटिव्ह ठरू शकतो. रंगाची पातळी 3+ म्हणजे पॉझिटिव्ह. 2+ आला तर जनुकाच्या प्रती मोजायला फिश चाचणी. रिपोर्टवर सही पॅथॉलॉजिस्टची, पण स्लाइड बिघडली तर तोही हतबल. हे काम आवडलं तर डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा) करून हिस्टोपॅथॉलॉजीत, म्हणजे ऊतींच्या तपासणीत, शिरता येतं.

संशोधनाची वाट लांब आहे. एम.एस्सी.साठी जॅमचा बायोटेक्नॉलॉजी पेपर (3 तास, 60 प्रश्न, 100 गुण) किंवा गॅट-बी ही बायोटेक्नॉलॉजीची प्रवेश परीक्षा द्यावी. जॅममध्ये गणित आणि फिजिक्सही येतं. जीवशास्त्राची मुलं तिथंच गळतात. गॅट-बीच्या पहिल्या भागातले 60 प्रश्न बारावीच्या पातळीचे, तेव्हा जुनी पुस्तकं रद्दीत घालू नका. पुढं सीएसआयआर नेट ही संशोधनासाठीची पात्रता परीक्षा. त्यात पेशींच्या संदेशवहनावर वेगळं प्रकरणच आहे. जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये. पीएच.डी.ला पाचेक वर्षं धरून चाला.

तोवर तिनं वेस्टर्न ब्लॉट (अँटिबॉडीनं पडद्यावर प्रथिन शोधायची चाचणी) स्वतःच्या हातानं करावा. फॉस्फेट चिकटलेला, म्हणजे चालू झालेला रिसेप्टर शोधताना ब्लॉकिंगला (पडद्याच्या रिकाम्या जागा झाकायला) दुधाची पावडर सहसा टाळतात, बीएसए हे गाईच्या रक्तातलं प्रथिन घेतात. दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फेटवालं असल्यानं सगळा पडदा काळा पडू शकतो. अँटिबॉडी महाग, कॉलेजला परवडत नसेल तर शिवाजी विद्यापीठाच्या बायोकेमिस्ट्री विभागात जाऊन सुट्टीतल्या प्रोजेक्टची चौकशी करा. दिवाळीआधी गेलात तर बरं, नंतर जागा धरलेल्या असतात.