जपानमध्ये स्कीइंग आणि तिथली संस्कृती, दोन्ही एकाच सुट्टीत अनुभवता येईल का?

नक्की येईल, फक्त गाव विचारपूर्वक निवडा. होक्काइदोतल्या निसेकोचा बर्फ अप्रतिम, पण तिथे परदेशी पर्यटकांचीच वर्दळ फार. माझं मत विचाराल तर नागानो प्रांतातलं नोझावा ओन्सेन गाठा. तोक्योहून शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, इइयामा आणि पुढे साधारण अर्ध्या तासाची बस.

इथे स्कीचे उतार थेट गावात येऊन संपतात. गावात गरम पाण्याच्या झऱ्यांची १३ सार्वजनिक स्नानगृहं आहेत. गावकरीच ती सांभाळतात आणि आत जायला पैसे लागत नाहीत. दाराशी दानपेटी असते, तिच्यात आठवणीने काहीतरी टाका. पुरुष-स्त्रिया वेगवेगळे, कपडे पूर्ण काढायचे, आणि पाण्यात उतरण्याआधी बाहेरच अंग स्वच्छ धुवायचं. पाणी चांगलंच कढत असतं! सुरुवातीला पाय टाकताच मागे घ्याल, पण दिवसभर स्की केलेल्या पोटऱ्या त्यात अशा सैलावतात की उठवत नाही. गावातल्या ओगामा कुंडाचं पाणी तर जवळजवळ उकळतंच; वाफेच्या लोटात गावकरी तिथे भाज्या आणि अंडी शिजवतात.

जमलं तर १५ जानेवारी साधा. त्या रात्री दोसोजिन अग्नी उत्सव असतो. लाकडी देवळाचं रक्षण २५ आणि ४२ वर्षांचे पुरुष करतात, बाकीचे मशाली घेऊन त्यावर चालून जातात. राहण्याचं आरक्षण मात्र खूप आधी करा.

शाकाहारी असाल तर आधीच कळवा, कारण सूपाच्या पाण्यातही बहुधा मासळी असते.