जुन्या गोव्यात चर्च उरली, घरं कुठे गेली?

प्रश्न : जुन्या गोव्यात एवढी प्रचंड चर्च उभी आहेत, पण त्यांच्याभोवती शहर म्हणावं असं काहीच नाही. ‘साथीत ओस पडलं’ असं गाइड सांगतात. मग घरांच्या भिंती तरी उरायला हव्या होत्या ना? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : घरं पणजीला गेली, आणि हे शब्दशः खरं आहे. पणजी उभी राहताना जुन्या शहरातले पडीक वाडे उतरवून त्यांचा दगड तिकडे वापरला गेला. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा राजवाडासुद्धा 1820 च्या सुमारास असाच पाडला. त्या जागी, सेंट कॅजेटन चर्चच्या आवारात, आज एक दार तेवढं उभं आहे. काही पायऱ्या, काळ्या पाषाणाचे खांब, वर तुळई आणि बाजूला जाळीचे तुकडे. मूळचा हा आदिलशहाचा वाडा.

जे कोणी उचलून नेलं नाही, ते पावसाने खाल्लं. इथला चिरा म्हणजे जांभा, सच्छिद्र दगड. चुन्याचा गिलावा शाबूत आहे तोवर भिंत टिकते. तो सुटला की पाणी आत मुरतं, झाडं मुळं घालतात. सेंट ऑगस्टीन चर्च 1835 मध्ये रिकामं झालं आणि 1842 मध्ये छताची कमान कोसळली. 1931 मध्ये दर्शनी भाग गेला. आता 46 मीटरचा मनोरा उरला आहे, तोही अर्धाच. त्याची घंटा मात्र पणजीच्या पायऱ्यांच्या चर्चवर आजही वाजते.

साथीचं म्हणाल, तर ती अर्धीच गोष्ट आहे. 1543 मध्येच इथे पटकीने हाहाकार माजवला होता, तरी शहर त्यानंतर वाढतच गेलं. विहिरींचं पाणी घाण, कारण सांडपाणी त्याच जांभ्यातून झिरपत विहिरीत उतरायचं. ऐपतवाले बायंगिणीच्या झऱ्याचं पाणी विकत घेत. माणसं मरत, पण धंद्याच्या आशेने नवी येत. इराणी आखाताच्या तोंडावरच्या होर्मुझ बंदरातून आलेले घोडे गोव्यात उतरून विजयनगरला आणि विजापूरला जात, त्यावरची जकात मोठी होती. मग पोर्तुगीजांच्या हातून 1622 मध्ये होर्मुझ गेलं, 1641 मध्ये मलाक्का, 1663 मध्ये कोची. डच आरमार मांडवीचं तोंड अडवून बसू लागलं. रिकाम्या घरात राहायला यायला कारणच उरलं नाही. 1683 मध्ये संभाजी महाराजांचं सैन्य समोरच्या जुवे बेटापर्यंत पोचलं, तेव्हा राजधानी मुरगावला हलवायचं ठरलं. काम सुरू झालं, पण रेंगाळून सोडून दिलं गेलं. शेवटी व्हाइसरॉय 1695 मध्ये रायबंदरजवळ पानेलीला आणि 1759 मध्ये पणजीला राहायला गेले. 1695 मध्ये शहराची वस्ती सुमारे 20,000 होती, ती 1775 पर्यंत 1,600 वर आली.

प्रश्न : गोवा वेल्हा आणि जुने गोवे एकच का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नाही. ‘वेल्हा’ म्हणजेच जुना, म्हणून घोटाळा होतो. गोवा वेल्हा झुवारीच्या बाजूला, पणजी-मडगाव रस्त्यावर आहे. तिथे कदंबांचं गोपकपट्टण होतं. ते बंदर गाळाने भरत गेलं आणि व्यापार मांडवीकाठच्या एल्याला सरकला. हे एला म्हणजेच आजचं जुने गोवे. पोर्तुगीज सेनानी अफोन्सो द अल्बुकर्कने 25 नोव्हेंबर 1510 रोजी जिंकलं, ते हेच.

प्रश्न : बंदराची जागा बघायची तर नेमकं कुठे उभं राहावं? (एक वाचक, सातारा)

उत्तर : व्हाइसरॉयच्या कमानीखाली, नदीकडे तोंड करून. दिवाडीची फेरी समोरच लागते. शहरात शिरायची वाट हीच होती. पण कमान 1954 मध्ये पुन्हा बांधलेली आहे, तेव्हा तिचा प्रत्येक दगड सोळाव्या शतकातला समजू नका.

शक्यतो ओहोटीला जा, काठचा चिखल दिसेल. हे बंदर बारमाही मात्र नव्हतं. मांडवीच्या मुखाशी, आग्वादपाशी, पावसाळ्यात लाटांनी वाळूचा दांडा चढतो आणि वाट बंद होते. तेव्हा गलबतं मुरगावला थांबत. अगदी अलीकडेपर्यंत खनिजाचे बार्जही पावसाळ्यात कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुवारीत उतरून मुरगाव गाठत.