शेपूट हलेना, रंग टिकेना

प्रश्न: हतनूर धरणाच्या पाण्यात गळाला आमिष म्हणून लावायला सागवानी तुकड्यांतून पाच इंची, दोन भागांचा लाकडी मासा केला. मध्ये दोन कड्या एकमेकींत अडकवल्या. ओढला की काठीसारखा सरळ येतो, नाहीतर कुशीवर पडतो. दुसऱ्या दिवशी रंगाचे पापुद्रे निघाले. काय चुकलं?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर: भाऊ, आधी रंगवलात आणि मग पाण्यात टाकलात ना? माझे पहिले चार असेच गेले. खवले इतके झकास उतरले होते की पाण्यात टाकवेनात. टाकले, तर चौघंही पोट वर करून तरंगले. आता कोरं लाकूडच गळ लावून बादलीत सोडून बघतो.

कुशीवर पडतो तो पोटात वजन नाही म्हणून. पुढच्या तुकड्याच्या पोटाला भोक पाडून शिसं बसवा. शेपटीत नको, ती हलकीच हवी.

खरी गोम सांध्यात आहे. एकमेकींत अडकवलेल्या कड्यांच्या एकाच जोडीवर शेपूट पिळवटते. पुढच्या तुकड्याला मागून वर-खाली अशा दोन कड्या बसवा, मागच्या तुकड्यात त्यांच्यापुरत्या खाचा करा आणि वरून खाली एकच सरळ पिन घाला. मी सायकलचा स्पोक कापून वापरतो. मागच्या तुकड्याचं तोंड होडीच्या नाळेसारखं दोन्हीकडून तासा, मध्ये दोन-तीन मिलिमीटर फट ठेवा. मग मासा कुशीवर धरा. शेपूट आपल्या वजनानं खाली पडली पाहिजे. अडखळली, तर कड्या एका ओळंब्यात नाहीत. काढा आणि पुन्हा बसवा.

आता रंग. सागवान मुळात तेलकट. पॉलिश पेपर मारून थिनरनं पुसल्याशिवाय त्यावर काही धरत नाही. त्यात कड्यांच्या भोकांतून पाणी शिरलं की लाकूड फुगतं आणि रंग सोडतं. भोकांत इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारा डिंक) भरूनच कड्या बसवा. पुढच्या खेपेला पांगारा मिळाला तर बघा, मऊ आणि हलका असतो.

इपॉक्सीचा लेप सकाळी देऊ नका. आपल्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको. लाकूड तापतं, आतली हवा फुगून बाहेर येते आणि लेपावर बुडबुडे उठतात. दिवस कलल्यावर द्या, म्हणजे निवणारं लाकूड लेप आत ओढून घेतं. घट्ट होईपर्यंत मासा फिरवत राहा, नाहीतर पोटाखाली थेंब साचतो.

रंगाचं फार मनावर घेऊ नका. आधी पांढरा हात, वर चिलापी माशासारखा राखाडी-हिरवा. लसणाच्या पिशवीची जाळी ताणून बांधा, स्पंजनं रंग टिपा, खवले उठतात. डोळ्यांना टिकल्या. (घरात विचारून घ्या. मी विचारलं नव्हतं.) शेवटचा लेप या सगळ्यावर.

आणि मरळ दिसली म्हणून गवतात फेकू नका. तीनतोंडी गळ तिथे अडकला की आठवड्याची मेहनत तिथेच राहते. शिवड्यासारख्या शिकारी माशासाठी मोकळ्या पाण्यात, संथ ओढा.