कॉलेजचं बेसबॉल मैदान सुधारून घ्यायला गोव्यात काय करावं लागतं?

तुम्ही लिहिलंय की एकच मैदान फुटबॉल, क्रिकेट आणि बेसबॉल तिघांना पुरवायचं, पावसाळा संपला की इनफिल्डवर (चार बेसच्या, म्हणजे धावताना गाठायच्या ठिकाणांच्या, मधल्या भागात) खडी उघडी पडते, आणि अर्ज दिला की ऑफिसातून फक्त ‘बघू’ एवढंच ऐकायला मिळतं. फोंडा तालुक्यातल्या एका कॉलेजात आम्ही याच भानगडीतून गेलो, त्यावरून सांगतो.

‘बेसबॉलचं मैदान हवं’ असं अर्जात लिहूच नका. गोव्यात फुटबॉल हा घरचा देव. त्यामुळे पहिला प्रश्न येणार, फुटबॉलवाल्यांनी जायचं कुठं? त्यापेक्षा जाळी, पाण्याचा निचरा आणि इनफिल्डची माती मागा. निचरा तर सगळ्यांनाच हवा असतो. आमच्या अर्जावर फुटबॉल कॅप्टनची सही सगळ्यात वर होती, आमची तिच्याखाली. त्यानंतर प्राचार्यांनी आम्हांला निदान बसायला तरी सांगितलं.

आपली जांभ्याची जमीन हा खरा त्रास. माती वाहून जाते, चिऱ्याचे कण वर राहतात. बेसबॉलचा चेंडू 142 ते 149 ग्रॅमचा आणि टणक. जमिनीलगत जोरात आलेला असा चेंडू खड्यावर आपटून उडाला की शॉर्टस्टॉपच्या (सेकंड आणि थर्ड बेसच्या मध्ये उभ्या खेळाडूच्या) थेट हनुवटीवर. हे तोंडी सांगून कुणाला पटत नाही. आम्ही सेकंड आणि थर्ड बेसच्या मधली माती चाळली, चाळणीत उरलेले खडे पिशवीत भरले आणि मॅनेजमेंटच्या टेबलावर ठेवले. दहा पानी निवेदनापेक्षा ती पिशवी जास्त बोलली.

मापं स्वतः टेप धरून घ्या. बेस ते बेस 90 फूट, पिचर (चेंडू टाकणारा) उभा राहतो त्या रबराच्या पट्टीपासून बॅटरजवळच्या होम प्लेटपर्यंत 60 फूट 6 इंच, माउंडची (पिचरच्या उंचवट्याची) उंची 10 इंच. मातीचा कायमचा माउंड मागू नका, फुटबॉलवाले तो एका रात्रीत सपाट करतील (आणि त्यांचंही चुकणार नाही). उचलून ठेवता येणारा माउंड मिळतो. होम प्लेटकडून सेकंड बेसकडे जाणारी रेषा पूर्व-ईशान्येला असावी, असं नियमपुस्तक सुचवतं. आपला सराव लेक्चर संपल्यावर, म्हणजे चारनंतरच. तेव्हा मावळतीचं ऊन बॅटरच्या पाठीशी राहिलेलं बरं.

अर्जाआधी एक-चौदाचा उतारा (जमीन कुणाच्या नावावर आहे ते दाखवणारा) काढा. जागा कोमुनिदादची (गावाची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेची) निघाली तर त्यांना विचारल्याशिवाय साधं गटारही खणता येणार नाही, आणि हे काम अर्धं झाल्यावर कळलं तर सगळंच अडकतं.

पैशासाठी दोन दारं आहेत. पहिलं कॉलेजचं स्वतःचं. नॅकच्या (कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या) मूल्यमापनात खेळाच्या सोयीही बघतात, म्हणून आयक्यूएसीच्या (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या) समन्वयकांना सुरुवातीपासून बरोबर घ्या. दुसरं सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी समाजकामासाठी द्यायचा पैसा. कंपनी कायदा 2013 च्या सातव्या अनुसूचीत ऑलिंपिक खेळांच्या प्रशिक्षणाचा उल्लेख आहे, आणि बेसबॉल 2028 ला लॉस एंजेलिसमध्ये ऑलिंपिकला परत येतोय. हे वाक्य प्रस्तावाच्या पहिल्या पानावर टाका. जवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांना बेसबॉल कळत नसला तरी ऑलिंपिक कळतं.

वेळ सांभाळा. तुंबलेल्या पाण्याचे फोटो जून-जुलैत काढा, चतुर्थीची सुटी संपली की प्रस्ताव द्या, काम नोव्हेंबर ते जानेवारीत उरका. मे महिन्यात घातलेली माती पहिल्याच पावसात गटारात जाते.

ऑनलाइन सह्यांच्या मागे आत्ताच लागू नका. मॅनेजमेंटला ती बदनामी वाटते, मग पुढची दारं बंद.

आम्हांला जाळी आणि गटार मिळालं, माती अजून अर्धीच आलीय. उतारा हातात आला की जागा कुणाच्या नावावर आहे ते इथेच लिहा, म्हणजे अर्ज कुणाच्या नावे करायचा ते सांगतो.