कंदील विझला तर काय कराल?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो होतो की ज्या गोष्टीत वाचणारा मधेमधे निवड करतो आणि गोष्ट तिकडं वळते, तसल्या गेम मराठीत व्हायला पाहिजेत, आयडिया पाठवा. पाठवणारे कमी निघाले आणि विचारणारेच जास्त. चालतंय की. सगळी पत्रं घेता येत नाहीत, जी घेतलीत ती खाली.

प्रश्न (कराड, इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष): दादा, ट्वाइन (असल्या गोष्टी लिहायचं सॉफ्टवेअर) उघडून पहिला चौकोन समोर ठेवलाय आणि आठवडा झाला तो रिकामाच आहे. एक मित्र म्हणतो झॉम्बी टाक, दुसरा म्हणतो किल्ल्यावरचा खजिना कर. पाचसहा आयडिया लिहिल्या पण एकही दुसऱ्या स्क्रीनच्या पुढं जात नाही. लोकांना आयडिया सुचतात कशा?

भावा, तुला सुचतंय, पण तू विषय सुचवतोयस. झॉम्बी हा विषय झाला, खजिना हा पण विषयच. खजिना घ्यायचा का नाही यात विचार करण्यासारखं काय आहे, घेणारच की माणूस, मग तिथं चॉइस ठेवून उपयोग काय. या प्रकारच्या गोष्टीला आधी एक अडकलेला माणूस लागतो, इकडं गेला तरी काहीतरी गमावणार आणि तिकडं गेला तरी गमावणार असा. विषय मागनं येतो.

मी सांगलीत गावभागात राहतो, त्यामुळं मला पुराचंच उदाहरण सुचणार. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी बघतात हे तुला माहिती असेल, ४० फुटाला इशारा आणि ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टात ती ५७ च्या वर गेली होती. आता बघ, चाळीसला घर सोडलं तर गल्लीतले हसतात, एवढ्यात कुठं निघालाय म्हणून, आणि पंचेचाळीसनंतर निघायचं म्हटलं तर सामान न्यायला गाडी मिळेना. तुझी सगळी गेम या मधल्या पाच फुटात बसते. घरात सासरे आहेत, ते म्हणतायत २००५ ला पाणी आपल्या दुसऱ्या पायरीवर थांबलं होतं, आत्ताही थांबेल, आणि त्यांना खोटं पाडायला तुझ्याकडं काही नाही. दावणीला म्हैस आहे, सोडली तर जीव वाचेल पण परत सापडेल का, आणि बांधलेली ठेवली तर… शिलाई मशीन माळ्यावर चढवायचं का पोरीची दहावीची सर्टिफिकेटं शोधायची, दोन्हीला वेळ नाही. प्रत्येक स्क्रीनवर वरच्या कोपऱ्यात फक्त एक आकडा ठेव, ४१, ४१ आणि ६ इंच, ४२. प्लेअरनं काहीही निवडलं तरी तो आकडा त्याच्या गतीनं वाढणार, कारण पाऊस आणि कोयनेचा विसर्ग काही प्लेअरला विचारून होत नसतो. झॉम्बीपेक्षा जास्त टरकतील लोक, लिहून देतो.

आता सुचवायचं कसं, तर मी करतो ते सांगतो. घरातल्या किंवा ओळखीतल्या मोठ्या माणसाला गाठायचं आणि "तेव्हा काय झालं" असं विचारायचं नाही. तसं विचारलं की ते नेहमीची पाठ झालेली गोष्ट सांगतात. विचारायचं, "तेव्हा दुसरं काय करता आलं असतं?" मग बघ, माणूस बोलायचा थांबतो. माझी आत्या तर गॅसवर ठेवलेला चहा विसरली होती. असे दहा प्रसंग वहीत लिही, आणि ते दोन मित्रांना वेगवेगळं गाठून विचार की तू काय केलं असतंस. दोघांनी पटकन एकच उत्तर दिलं तर तो प्रसंग खोड. वाद झाला तर ठेव. दहातले दोन राहिले तरी चिक्कार झालं, एका गेमला एकच पुरतो.

प्रश्न (मिरज): सर, मी नर्सिंग करते आणि रात्रपाळीवरची गोष्ट लिहितेय. "तू वॉर्डात शिरलास" असं लिहिलं की मलाच ती माझी गोष्ट वाटत नाही, "शिरलीस" लिहिलं तर मुलगे खेळणार नाहीत असं मैत्रीण म्हणते. दोन्ही लिहू का?

हा प्रश्न आला याचा मला फार आनंद झाला, कारण इंग्रजीत या गेम करणाऱ्यांना ही अडचणच येत नाही, तिथलं क्रियापद बाई-पुरुष बघत नाही. आपलं बघतं. पण सगळीकडं बघत नाही, आणि गंमत तिथंच आहे.

तू शिरलास, तू शिरलीस, तू जातोस, तू जातेस, इथं सापडतो आपण. पण "तू दार उघडलंस" म्हण. ते क्रियापद दाराच्या मागं गेलं, तुझ्या मागं नाही. "तू कंदील उचललास", "तू फाईल वाचलीस", यात उचलणारा बाप्या आहे का बाई काही कळत नाही. "तू जाशील" मध्ये पण कळत नाही. आणि सरळ "तुम्ही" धरलंत तर "तुम्ही शिरलात", "तुम्ही थांबता" दोघांनाही चालतं, फक्त "तुम्ही उभे आहात" आणि "उभ्या आहात" असल्या जागा टाळाव्या लागतात. म्हणजे माणसाला सारखं कशाला तरी हात लावायला लावायचा, काहीतरी घ्यायला, उघडायला, सांगायला, मग मराठी तुमचं गुपित राखते. नुसतं जाणं-येणं-बसणं आलं की फुटतं.

पण मी म्हणेन, तुमच्या गोष्टीत ते लपवूच नका. रात्रपाळीवर एकट्या नर्सला नातेवाईक कसं बोलतात आणि ब्रदरला कसं बोलतात यात फरक असतो, तो तुम्ही रोज बघता. मुलगे खेळतील, आणि "शिरलीस" वाचून दोन मिनिटं अवघडतील, अवघडू दे. आणखी एक. चॉइस लिहिताना "तू" आणि "तुम्ही" हाच चॉइस करता येतो आपल्याकडं. पेशंटचा दारू पिऊन आलेला भाऊ समोर उभा आहे, पर्याय एक, "अहो, तुम्ही बाहेर बसा." पर्याय दोन, "ए, बाहेर बस आधी." वाक्य तेच, पण पुढची सगळी रात्र बदलली का नाही?

प्रश्न (तासगाव): आमची बेदाण्याची शेड आहे. त्यावरच गोष्ट सुरू केली, पण प्रत्येक ठिकाणी दोन पर्याय दिले तर स्क्रीन दुप्पट होत जातात. पाचव्या चॉइसलाच दमलो. हे लोक पूर्ण कसं करतात?

हिशोब सांगतो म्हणजे तुमचा काही दोष नाही हे कळेल. दोन-दोन पर्याय दहा वेळा दिले तर १,०२४ शेवट होतात आणि एकूण स्क्रीन २,०४७. रोज दोन लिहिल्या तरी जवळजवळ तीन वर्षं. कुणीच असं पूर्ण करत नाही हो.

फाटे फोडायचे आणि परत एकत्र आणायचे. हरिपूरला संगमावर उभं राहिलं की वारणा येऊन कृष्णेला मिळते, पुढं नदी एकच, पण पाणी दोन्हीकडचं. तुमच्या शेडचंच घ्या. माल पसरून आठवडा झालाय, अर्धवट वाळलाय आणि तासगाववर ढग आलेत. भिजला तर काळा पडणार. ताडपत्र्या भाड्यानं आणायच्या तर पैसे उसने घ्यावे लागतात आणि ते फक्त भावाकडं आहेत, ज्याच्याशी बांधावरनं वाजलंय. अर्धवट माल आत्ताच काढावा तर भाव मिळणार नाही. काहीच न करता देवावर सोडावं, हा पण पर्याय आहेच आणि बरेच जण तोच घेतात. तिन्ही वाटा नेऊन एकाच ठिकाणी सोडा, सौद्याच्या म्हणजे लिलावाच्या दिवशी. फक्त तीन गोष्टी लक्षात ठेवायला लावा गेमला, माल किती आणि कसा उरला, उसने किती झाले, आणि भावाशी बोलणं चालू आहे का बंद. सौद्याची स्क्रीन एकच लिहायची, आतली वाक्यं या तीन गोष्टींवर बदलायची. भाऊ शेजारी उभा आहे किंवा नाही एवढ्यानंच तो सीन पार वेगळा होतो आणि तुम्हाला हजार शेवट लिहावे लागत नाहीत. चार-पाच बास.

आणि पाऊस पडला का नाही हे प्लेअरच्या निवडीवर ठेवू नका बरं का. एकदा पडू दे, एकदा नको, नुसतं नशिबावर. बरोबर निर्णय घेऊनही माल भिजलेला तुम्ही बघितला असणारच.

प्रश्न (सांगली): हॉरर चालेल का? मला भुताचीच आवड आहे.

चालेल, पण भूत शेवटी आणा किंवा आणूच नका. हरिपूरची पेवं माहिती आहेत ना, हळद साठवायला जमिनीत खोल खणलेली. पेव बरेच दिवस बंद राहिलं की आतली हवा खराब होते, उतरलेला माणूस गुदमरून मरू शकतो, म्हणून आधी उघडून ठेवतात आणि कंदील खाली सोडून तो विझतो का ते बघायची जुनी पद्धत. २००५ च्या पुरात पाणी शिरलं आणि बरीचशी बाद झाली. तर पहिली स्क्रीन ही घ्या. रात्र, उघडं पेव, तुम्ही कंदील सोडला आणि तो निम्म्यावर विझला. आणि खालनं कुणीतरी हाक मारली. उतराल? हवा वाईट आहे हे तुम्हाला माहिती आहे, हाक कुणाची हे माहिती नाही. याच्यापुढं पांढऱ्या साडीतली बाई म्हणजे कॉमेडीच.

प्रश्न (वाई, शिक्षिका): आठवीच्या वर्गात हा उपक्रम घ्यायचा आहे. कॉम्प्युटर दोनच आहेत आणि एक बंद असतो. ऐतिहासिक विषय हवा असं मुख्याध्यापकांचं म्हणणं.

मॅडम, कॉम्प्युटर नसलेलाच बरा सुरुवातीला. वहीची पानं फाडा, प्रत्येकाला नंबर, खाली "उतरायचं असेल तर ७, परत फिरायचं असेल तर १२". भिंतीवर चिकटवून सुतळीनं जोडा, कुठली वाट कुठंच जात नाही ते पोरांना आपोआप दिसतं, आणि पोरं चुका शोधण्यात वस्ताद असतात.

ऐतिहासिक म्हटलं की सगळे किल्ल्यावर पळतात. साताऱ्यात बसून प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना न जुमानता चालवलेलं समांतर सरकार, सोडू नका. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार १९४३ ते ४६ चालू होतं आणि तेव्हा वाळवा, तासगाव हे भागही सातारा जिल्ह्यातच होते. १९४३ च्या जूनमध्ये प्रतिसरकारच्या तुफान सेनेच्या लोकांनी शेणोलीजवळ पगाराचे पैसे नेणारी रेल्वे अडवली होती, हे पोरांना सांगा, डोळे मोठे करतील. पण एक पथ्य पाळा, प्लेअरला नाना पाटील करू नका. खऱ्या माणसानं जे केलं ते आपण निवडीवर सोडलं तर इतिहासाचा खेळ होतो आणि पालक पण भांडायला येतील. प्लेअरला करा तेरा वर्षांची पोरगी, जिला भूमिगत माणसांसाठी रानात भाकरी पोचवायचीय. वाटेत गावचा पाटील भेटतो आणि विचारतो, एवढ्या भाकरी कुणाला गं? इथं वर्गाला थांबवा आणि हात वर करून उत्तरं घ्या. तीस पोरं तीस थापा मारतील, त्यातल्या चांगल्या तीन घ्या, तेच तुमचे पर्याय. पाटलाच्या मनात काय आहे ते मात्र आधी तुम्ही ठरवून ठेवा, नाहीतर पोरं त्याला सारखा गद्दार करतात.

प्रश्न (इस्लामपूर): कुठलं सॉफ्टवेअर? आणि एआयला आयडिया विचारल्या तर चालतील का?

ट्वाइन. फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, क्रिस क्लायमस यांनी २००९ मध्ये आणलेलं. शब्द दुहेरी चौकोनी कंसात टाकला की लिंक होते आणि पुढचा चौकोन आपोआप तयार. मराठी नीट दिसतं. शेवटी एक एचटीएमएल फाईल मिळते, ती व्हॉट्सॲपवर पाठवा मित्रांना. कोडिंगची सवय असेल तर इंक नावाची भाषा बघा, तीही मोफत.

एआयचं म्हणाल तर मी विचारून बघितलं. गरीब शेतकरी, जादूचं झाड, बोलणारा पोपट. तेच परत विचारलं तर पोपटाचा कावळा झाला. त्यापेक्षा आपला प्रसंग त्याला सांगायचा आणि विचारायचं, यातनं पळवाट कुठं आहे? ते काम बरं करतं. सापडलेल्या पळवाटा आपण बुजवायच्या.

शेवटचं पत्र, प्रश्न नाही, आयडिया (आष्टा, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर): मुक्कामी गाडी. रात्रीची शेवटची फेरी, पावसाळा. फाट्यावर एक बाई लेकराला घेऊन चढते, पैसे नाहीत म्हणते. तिकीट न देता न्यावी तर पुढं चेकिंग असू शकतं. उतरवावी तर त्या फाट्यावर दिवासुद्धा नाही. एवढंच सुचलं, गेममध्ये बसतं का बघा.

काका, नमस्कार. या महिन्यात आलेल्यातलं हे सगळ्यात चांगलं आहे आणि तुम्ही "एवढंच" म्हणताय. एकच दुरुस्ती सुचवतो. खेळणारा लगेच म्हणेल, मी माझ्या खिशातनं तिकीट फाडतो, झालं. ही पळवाट पूर्ण बंद करू नका, महाग करा. महिन्याची २८ तारीख ठेवा, खिशात नेमके तेवढेच पैसे, आणि ते मुक्कामाच्या गावात रात्रीच्या जेवणाचे, स्वतःचे आणि ड्रायव्हरचे. ड्रायव्हर दुपारपासनं उपाशी आहे. त्याला विचारायचं का नाही, हा आणखी एक चॉइस झाला. गाडीतल्या बाकीच्या पाच-सहा जणांना पण विसरू नका, त्यातला एकजण सगळं बघतोय आणि काहीच बोलत नाहीये.

आणि तुम्ही त्या रात्री काय केलंत ते पत्रात लिहिलेलं नाही. मी दोनदा वाचलं, कुठंच नाही. गेम झाल्याशिवाय सांगू नका.