ग्रिप बदलायची, घासायची, की पाय हलवायचे?

प्रश्न : माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, १० मीटर एअर पिस्तूल मारते. वर्षभरापूर्वी तिला सेकंडहँड मॅच पिस्तूल घेऊन दिलं. ग्रिप (मूठ) अक्रोडाच्या लाकडाची, मिडियम साइझची. तिचं बोट ट्रिगरवर जेमतेम टोकानं पोचतं आणि छर्रे सारखे डावीकडे जातात. ग्रिपच्या तळात एलन कीचा एक स्क्रू दिसतो. आहे तीच ग्रिप घरी कानशीनं घासू, की काढून लहान बसवू? – एक पालक, कोल्हापूर

उत्तर : दादा, कानस आज बाजूला ठेवा. आधी लेकीला फायरिंग लाइनवर उभी करा. पिस्तुलात छर्रा नको. डोळे मिटून हात वर घ्यायचा, दोन श्वास घ्यायचे, मग डोळे उघडायचे. नेम धरायच्या दोन्ही साइट (पुढची फ्रंट साइट आणि मागची खाच) एका रेषेत आहेत, पण अख्खं पिस्तूलच टार्गेटच्या एका बाजूला गेलंय? मग ग्रिपचा काही दोष नाही, तिचा मागचा पाय थोडा सरकवा. पण फ्रंट साइट खाचेत एका कडेला चिकटलेली दिसली, तर मात्र ग्रिप हाताला बसत नाही. फ्रंट साइट खाचेखाली बुडत असेल किंवा वर उठत असेल, तर ग्रिपचा कोन बघा. काही पिस्तुलांना तो बदलायची सोय असते. हे दहा वेळा करून वहीत लिहा. एका वेळेवर विसंबू नका.

बोट टोकानंच पोचतंय म्हणता, त्यावरून मला वाटतं ग्रिप मोठीच आहे. ग्रिप मोठी असली की मूल ट्रिगर गाठायला अख्खा हात फिरवून धरतं आणि दाबताना पिस्तूल बाजूला ढकलतं. तेव्हा स्मॉल ग्रिप घ्या. मात्र ती तुमच्याच मॉडेलची हवी. दुसऱ्या कंपनीची जवळपास बसली तरी आत हलते.

बदलताना हवेचा सिलिंडर उतरवा, छर्रा नाही याची स्वतः खात्री करा. एलन की स्क्रूच्या तळापर्यंत नीट बसू द्या, अर्धवट बसली तर खाच गोल होते. स्क्रू निघाला की ग्रिप ओढू नका, हलकेच डोलवत खाली घ्या. नवी बसवताना स्क्रू आधी बोटांनी फिरवा आणि शेवटी कीचं लांब टोक आत ठेवून आखूड टोक दोन बोटांनी आवळा. त्याहून जास्त जोर लावलात तर लाकूड चिरतं. पावसाळ्यात लाकूड फुगतं, म्हणून महिन्याकाठी स्क्रू तपासा.

नवी ग्रिप कुठे टोचते ते शोधायला मी मुलांच्या तळव्याला रंगीत खडूची पूड चोळते आणि पिस्तूल नेहमीसारखं धरायला लावते. लाकडावर रंग गडद उमटतो तिथे दाब जास्त. तेवढीच जागा १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं चार-पाच हात घासायची आणि आठवडाभर मारून बघायचं. पोकळी राहिली तर एपॉक्सी पुटी लावा. हातावर पातळ प्लॅस्टिक गुंडाळून धरलं की ठसा छान उठतो. पण घासताना ग्रिप पिस्तुलावर कधीही नको. लाकडाचा भुसा ट्रिगरमध्ये गेला की ट्रिगर अडखळायला लागतो.

आणि स्पर्धेचे नियम. ग्रिपवर तळहात टेकतो ती फळी वर वळलेली चालत नाही, ग्रिपशी तिचा कोन ९० अंशांपेक्षा कमी नको आणि मनगट मोकळं दिसलं पाहिजे. पिस्तूल ग्रिपसकट ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे. माझी एक विद्यार्थिनी पुटी लावून फळीची कड उचललेली ग्रिप घेऊन स्पर्धेला गेली. इक्विपमेंट चेकला अडकली आणि मॅचच्या सकाळी मी जिन्यात बसून ती कड घासत होते. पोरीचे हात थरथरत होते. ती वेळ तुमच्या लेकीवर येऊ देऊ नका. पुटी लावली की त्याच दिवशी मोजा.

ग्रिप बदलल्यावर साइट लगेच फिरवू नका. दोन-तीन दिवस ड्राय फायर (छर्रा न भरता ट्रिगर दाबायचा सराव), मग पाच-पाच छर्ऱ्यांचे ग्रुप. ग्रुप घट्ट होऊन एका जागी पडू लागला की मग साइटचा स्क्रू फिरवून क्लिक द्या.

जुनी मिडियम ग्रिप विकू नका, घासूही नका. कापडात गुंडाळून ठेवा. मुलीचा हात वाढतोय, पुढे तीच लागेल.