मुंबईत राहून चढउताराच्या टाइम ट्रायलची तयारी कशी करावी? हौशी सायकलस्वार आहे, पहिलीच शर्यत आहे.

सगळ्यात आधी जोर कुठे लावायचा ते ठरवा. टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे घड्याळाशी लावलेल्या शर्यतीत, एकट्यानेच सायकल पळवायची असते, कुणाच्या मागे लपून वारा चुकवता येत नाही. वेग दुप्पट झाला की हवा कापायला आठपट ताकद लागते. म्हणून उतारावर जीव तोडून पॅडल मारण्यात अर्थ नाही; अंग वाकवा आणि दम खा. चढावर वेग कमी असतो, तिथे सरासरीपेक्षा थोडा जास्त जोर लावलात तर सेकंद खरोखर वाचतात. थोडाच हं! पहिल्याच चढावर पाय जळायला लागले तर पुढचं सगळं अवघड.

सरावाला मलबार हिलवर तीन बत्तीवरून हँगिंग गार्डनकडे जाणारा चढ पहाटे पुन्हा पुन्हा मारा. छोटा आहे, पण माथ्यावर पोचल्यावर गिअर वाढवून लगेच वेग पकडायची सवय तिथे छान लागते. लांब चढासाठी खोपोली-खंडाळ्याचा जुना रस्ता, तोही सोबतीने, कारण ट्रक असतात. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर सायकलला बंदी आहे.

मागच्या चाकाच्या कॅसेटमध्ये, म्हणजे दातेरी चकत्यांच्या संचात, सर्वांत मोठी चकती ३२ दात्यांची असेल तर चढावर गुडघे वाचतील. दमट हवेत ठोके आपोआप चढतात, त्यामुळे फक्त हार्ट रेटवर विसंबू नका.